बुधवारी तीन ते चार, शांतता अनिवार्य

ऐकलंत का? आमच्या ऑफिसात आता शांततेची हजेरी लागते. थट्टा नाही, बायोमेट्रिक आहे. बुधवारी दुपारी तीनला अंगठा लावून शांत व्हायचं आणि चारला अंगठा लावून पुन्हा अशांत.

नाव आहे ‘वेलनेस वेन्सडे’. ज्या कॉन्फरन्स रूममध्ये सोमवारी थकलेल्या वसुलीवरून एकमेकांचे बाप काढायचे तेवढे बाकी राहतात, तिथेच बुधवारी पडदे ओढतात, खुर्च्या बाहेर काढतात, लॅव्हेंडरचा फवारा मारतात आणि आम्हाला चटयांवर आडवं करतात. आडवं! पन्नाशी उलटलेल्या बाईला, साडीत, क्रेडिट कंट्रोलच्या साहेबांच्या शेजारच्या चटईवर! माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी त्याच दिवशी मला राजीनामा द्यायला लावला असता आणि वर साहेबांच्या बायकोला चिठ्ठी धाडली असती.

सुरुवात साधीच होती. मागच्या वर्षी एका महिन्यात तिघांनी राजीनामे दिले. वरून विचारणा झाली, लोक का जाताहेत? आम्हाला कुणी चहाला बोलावून विचारलं असतं तर कप संपायच्या आत सांगितलं असतं. पण आला फॉर्म. ‘आपला ताण कमी करण्यासाठी आपल्याला खालीलपैकी काय आवडेल?’ ध्यान, झुंबा, रेझिन आर्ट, श्वानभेट. ‘रिकाम्या जागा भरा’ हा पर्यायच नव्हता. फॉर्ममधल्या नव्हे हो, ऑफिसातल्या.

मी ‘इतर’च्या रकान्यात ‘खुर्ची’ असं लिहिलं. माझ्या खुर्चीतला गॅस गेलाय. सकाळी बसते तेव्हा टेबल पोटाशी असतं, जेवायच्या सुट्टीपर्यंत ते हनुवटीशी आलेलं असतं. आषाढात अर्ज दिलाय, आता पौष चालू आहे. ॲडमिनवाले म्हणतात, बजेट नाही. आणि दिवाळीत काय वाटलं माहितीये? माणशी एक पिवळा रबरी चेंडू, त्यावर कंपनीचा शिक्का. राग आला की दाबायचा म्हणे. मागितली खुर्ची, मिळाला चेंडू! नातवानं दोन दिवस खेळून तो गॅलरीतून खाली टाकला, तेव्हा मात्र खरंच हलकं वाटलं.

पहिला बुधवार हास्ययोगाचा. ही भानगड आपल्या मुंबईचीच बरं का. डॉ. मदन कटारिया नावाच्या डॉक्टरांनी १३ मार्च १९९५ला अंधेरीच्या लोखंडवालातल्या एका बागेत चार-पाच जणांना जमवून हास्यक्लब काढला. आधी म्हणे रोज विनोद सांगायचे आणि हसायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, चावट उरले, लोक तक्रार करायला लागले. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसणं ठेवलं. बागेत पहाटे आजोबा-आजी हात वर करून हसतात ते मला आवडतं. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं, कंटाळा आला की ते घरी जातात. पण कॉन्फरन्स रूममध्ये, दाराशी एचआरची पोरगी याद्या घेऊन उभी असताना, ज्यानं तुमची वार्षिक वाढ तीन टक्क्यांवर आणून ठेवली त्याच्या डोळ्यांत डोळे घालून ‘हो हो, हा हा हा’ करायचं! करून बघा एकदा. साहेब हसत होते, कारण त्यांना वाढ मिळाली होती. बाकीचे हसत होते, कारण यादी होती. डिस्पॅचचे काका तेवढे अगदी पोटातून हसले. नंतर विचारलं तर म्हणाले, “मला बाई, तुमचे सगळ्यांचे चेहरे बघून हसू आलं.”

श्वानभेटीचं मी फार सांगत नाही. एक गोरागोमटा लॅब्राडोर आणला होता. बिचारा आमच्या अकाउंट्समध्ये शिरला, वर्षअखेरीच्या फायली हुंगल्या आणि टेबलाखाली जाऊन जो बसला तो बाहेरच येईना. शेवटी त्यालाच बिस्किटं दाखवून धीर द्यावा लागला.

पण खरा कहर झाला तो ‘साउंड बाथ’च्या दिवशी. नाव ऐकून मी टॉवेल न्यायचा की नाही या विचारात होते. तर आंघोळ आवाजाची! एक बाई आल्या, पांढरा कुडता, गळ्यात रुद्राक्ष, हातात मखमली थैली. त्या थैलीतून त्यांनी एकात एक बसवलेले सात वाडगे काढले. तिबेटी, सिंगिंग बोल. मी चष्मा वर करून बघितलं. अहो, आमच्या आजीची काशाची वाटी! रोज रात्री ती तळपायाला तूप लावून त्या वाटीनं घासायची, वाटी काळी पडली की म्हणायची, “उष्णता निघाली.” फुकट! आणि निजायची ती थेट कोंबडा आरवेपर्यंत. त्या बाईंनी दिवसाचे किती घेतले ते व्हाउचर माझ्याच टेबलावरून गेलं म्हणून मला ठाऊक आहे. आकडा सांगत नाही. खुर्च्या किती आल्या असत्या, तेवढं विचारू नका.

तर आम्ही आडवे. दिवे मंद. वाडग्यावर लाकडी दांडा फिरला, घुंऽऽऽ असा आवाज भरला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, कंपनं शरीरभर पसरू द्या, ताण तळपायांतून बाहेर जाऊ द्या. आणि खरंच हो, मला जमिनीतून थरथर जाणवायला लागली. मनात म्हटलं, आहे बुवा यात काहीतरी! डोळे किलकिले केले तर साहेबांचा फोन फरशीवर थरथरत होता. साहेब रांगत रांगत दारापर्यंत गेले आणि बाहेरून आवाज, “हां, बोला. नाही, ती क्रेडिट नोट आज निघालीच पाहिजे.” ती क्रेडिट नोट कोण काढणार होतं? मी. तारीख होती दहा. अकराला जीएसटीआर-१ भरायचा शेवटचा दिवस. मी तिथे पडल्या पडल्या, सहाव्या वाडग्यापर्यंत, न जुळलेल्या सतरा बिलांची मनातल्या मनात उजळणी केली. माझी शांतता चारला संपली आणि तिचा तो तास भरून काढायला रात्री साडेआठपर्यंत बसले.

मघाचे डिस्पॅचचे काका मात्र दुसऱ्याच वाडग्याला घोरायला लागले. एचआरच्या पोरीनं त्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘डीप रिलॅक्सेशन!’ वर साठ अंगठे. जूनमध्ये त्यांचा जोडीदार निवृत्त झाला, त्याची जागा भरलेली नाही, काका दोघांचं काम एकटे ओढताहेत आणि पहाटे साडेचारला उठून आसनगावहून येताहेत, हे त्या साठांपैकी प्रत्येकाला माहीत होतं. मी पण अंगठा दिला. न देऊन सांगते कुणाला?

संध्याकाळी हे सगळं लेडीज डब्यात सांगितलं. मला वाटलं, बायका हसून लोळतील. छे! प्रत्येकीकडे माझ्यापेक्षा सरस माल.

बँकवाली म्हणाली, आमच्याकडे हजेरीच्या मशिनशेजारी पाच चेहरे लावलेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. सकाळी एक दाबायचा. हिनं पहिल्या आठवड्यात प्रामाणिकपणे सलग तीन दिवस रडका दाबला. चौथ्या दिवशी मॅनेजरनं केबिनमध्ये घेऊन दार लावलं, “मॅडम, तुमच्यामुळे शाखेचा स्कोअर पडतोय.” तेव्हापासून सगळी शाखा, विमा विकायचं टार्गेट चुकलेलीसुद्धा, हसरा दाबते. आयटीवालीच्या फोनवर श्वास मोजायचं ॲप आहे. टीममध्ये कोण सलग किती दिवस श्वास घेतंय याची चढाओढ, बॉस सर्वांत वर. अमेरिकेचा कॉल अकराला संपतो, मग ही बिचारी पावणेबाराला गादीवर बसून घाईघाईनं चार आत, सहा बाहेर. “एक दिवस चुकला तर शून्यावर येते हो!” म्हणून डोळ्यांत पाणी. अगं, श्वास आहे का भिशी!

यावर शाळेतल्या बाईंनी कडी केली. तणावमुक्ती कार्यशाळा, उपस्थिती सक्तीची, जिओटॅग फोटोसकट. वार? रविवार.

डब्यात क्षणभर सुतक पडलं.

मग मंत्रालयवालीनं हळूच पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढली आणि म्हणाली, “आमचं ध्यान म्हणजे शनिवार.” २९ फेब्रुवारी २०२०पासून राज्य सरकारच्या ऑफिसांना पाच दिवसांचा आठवडा झाला, त्या बदल्यात रोज पावणेदहा ते सव्वासहा बसायचं. ती म्हणते, शनिवारी सकाळी डोळे उघडतात तेव्हा छताकडे बघत अर्धा तास नुसतं पडायचं, तेवढ्यात सगळी चक्रं जागेवर येतात. बाकी सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं की चिक्कीचा तुकडा तिला प्रत्येकीला द्यावाच लागला.

मला रविवारचं ऐकून माझ्या सासऱ्यांची आठवण झाली. ते गिरणीत होते. आमचं ऑफिस ज्या काचेच्या इमारतीत आहे ती गिरणीच्याच जागेवर उभी आहे, चिमणी शोभेला ठेवलीये, तिच्या बुडाशी कॉफी मिळते. सासरे रविवारी मटण आणताना हटकून म्हणायचे, “लोखंड्यांची कृपा.” नारायण मेघाजी लोखंडे. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ चालवणारे. त्यांनी १८८४मध्ये कामगारांच्या सभा घेऊन मागण्या लिहून दिल्या. काय मागितलं? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, पगार पंधरा तारखेच्या आत. झुंबा नाही, वाडगे नाहीत. सहा वर्षं पाठपुरावा केला, २४ एप्रिल १८९०ला दहा हजार माणसांची सभा भरवली, तिथे दोन कामगार बायका उठून बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९०मध्ये, भर सभेत, बायका! हे ऐकून बँकवाली म्हणाली, “त्यांना पाच चेहऱ्यांचं मशीन दिलं असतं तर?”

“लाथेनं फोडलं असतं,” शाळेतल्या बाई म्हणाल्या. त्या एरवी शुद्ध बोलतात.

आता गंमत बघा. आमच्या वेळी हे सगळं होतंच की. पण त्याला नावं घरगुती होती. डोकं उठलं, वैताग आला, पित्त खवळलं, जीव मेटाकुटीला आला. ‘मनोबल’ हा शब्द तर मी फक्त नोटिशीत वाचलाय, तोही कुणाचं तरी खचल्यावर. हल्लीची पोरं दोन महिन्यांत सांगतात, “काकू, आय ॲम बर्न्टआउट.” मी आधी नाक मुरडलं. दोन महिन्यांत काय जळतं? आमच्याकडे भाकरीसुद्धा नीट जळत नाही तेवढ्यात! तर आयटीवालीनं सांगितलं, काकू, थट्टा नको, २०१९ला जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटला आपल्या यादीत जागा दिलीये. मी म्हटलं, बघा, रोग निघाला. ती म्हणाली, रोग नाही, तेच तर. नोकरीतून उपजणारी अवस्था म्हणून नोंद केलीये. सतत थकवा, कामाविषयी अढी आणि हातून काही होत नाही अशी भावना. कामाच्या जागी ताण फार दिवस राहिला आणि नीट हाताळला गेला नाही की येणारी.

म्हणजे दुखणं ऑफिसला आणि आडवं कोण पडतंय? आम्ही!

मग तिनं आणखी एक चिमूट टाकली. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग नावाच्या संशोधकानं ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ॲपवाले, ध्यानवाले, ताण हाताळायचं शिक्षण घेतलेले एकीकडे, यातलं काहीच न केलेले दुसरीकडे. हे छापून आलं २०२४ला. फरक? सांगण्यासारखा नाहीच. फक्त ज्यांना ऑफिसमार्फत समाजाचं काही काम करायला मिळालं, ते जरा बरे दिसले. अर्थात एका वेळी केलेल्या पाहणीवरून सगळंच ठरत नाही, हे तीच म्हणाली, हुशार आहे पोरगी. पण मी पुढचं कुठे ऐकत होते? मी व्हाउचरचा आकडा आठवत होते.

ब्रिटनचाच आणखी एक किस्सा मला ठाऊक आहे, तो मी साहेबांना ऐकवायचा राखून ठेवलाय. तिथल्या सरकारी नोकरांची तपासणी १९६७पासून झाली, ‘व्हाइटहॉल’ म्हणतात तिला, मायकेल मार्मट यांचं नाव तिच्याशी जोडलंय. सगळ्यांना वाटायचं, मोठ्या साहेबाला मोठी जबाबदारी, म्हणून हृदयविकार त्यालाच. निघालं उलटं. सर्वांत खालच्या पायरीवरचे शिपाई आणि कारकून वरच्यांपेक्षा कितीतरी जास्त गेले, आणि विडी-सिगारेटवर खापर फोडूनही हिशेब पुरा जुळेना. पुढे १९८५पासून दुसरी तपासणी झाली, तीत बायकाही होत्या. त्यातून दिसलं, की आपल्या कामावर आपलाच ताबा नसणं हे काळजाला फार महाग पडतं. टेन्शन आहे टेन्शन आहे म्हणून ओरडतो साहेब आणि जातो कारकून! माझी खुर्ची किती वर न्यायची हेही ज्या बाईच्या हातात नाही, तिनं हे वाचून काय करायचं, सांगा.

बरं, सगळेच काही आम्हाला आडवं करायच्या मागे नाहीत. २०२५च्या जानेवारीत एका बड्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षांनी आठवड्याला नव्वद तासांचं बोलून, रविवारीही कामाला जुंपायची इच्छा सांगून, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असं विचारलं होतं. तेव्हा आमच्या डब्यात जो गलका उडाला तो मुलुंडपर्यंत टिकला. “बघतात कुठे? मोबाइलमध्ये बघतात!” “माझे तर समोर उभी राहिले तरी विचारतात, आई कुठे गेली.” सुप्रिया सुळ्यांनी २०१८ला लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलायचा हक्क. त्याचा कायदा काही झाला नाही. फ्रान्समध्ये २०१७पासून तसं आहे म्हणे. हे आयटीवाली सांगत असतानाच तिचा फोन वाजला आणि तिनं उचलला.

असो. खरा घोळ यापुढे आहे आणि तो माझ्याच तोंडानं झालाय.

परवा शुक्रवारी दादरला गाडीत चढले तर दाराशी आमची एचआरची पोरगी. बदलापूरला राहते, हे मला तेव्हा कळलं. ऑफिसात मला ‘मॅम’ म्हणते, गाडीत ‘काकू’ म्हणाली. चौथी सीट मिळवून दिली. चेहरा पिठासारखा. म्हणाली, बुधवारी मी जेवतच नाही काकू, रूम मिळवायची, चटया आणायच्या, माणसं गोळा करायची. पंच्याऐंशी टक्के उपस्थिती दाखवली नाही तर माझंच रेटिंग पडतं. डिस्पॅचच्या काकांसाठी माणूस मागणारा कागद तिनंच तीनदा वर पाठवलाय, तीनदा परत आलाय. फोटो टाकला कारण फोटो टाकायचेच असतात. आणि माझ्या खुर्चीचा अर्जही तिनंच जपून ठेवलाय, हेही सांगितलं. मी आषाढापासून मनातल्या मनात जिला शिव्या घालत होते ती ही!

मला काय बोलावं सुचेना. दादरला घेतलेले किलोभर मटार पिशवीत होते. पेपर पसरला आणि तिच्या पुढ्यात मूठभर शेंगा ठेवल्या. घाटकोपर गेलं, विक्रोळी गेलं. पोरगी शेंग मोडते, अंगठा फिरवते, दाणे डब्यात, साल पेपरवर. किडकी निघाली की बाजूला. समोरच्या बाईनं न विचारता आपली मेथी पुढे सरकवली. ठाणे येईपर्यंत तिनं फोन बघितला नाही, मी काही विचारलं नाही. डबा भरला तेव्हा म्हणाली, “काकू, किती दिवसांनी डोकं शांत वाटलं.”

मी म्हटलं, “अगं, यापुढे तुझे ते वाडगे काहीच नाहीत.”

हे बोलायला नको होतं हो. पोरीनं फोन काढला आणि काहीतरी टिपून घेतलं.

आज सकाळी सगळ्यांना मेल आलाय. ‘येत्या बुधवारी दुपारी ३ ते ४, माइंडफुल पीलिंग : पारंपरिक पद्धतीनं मटार सोलण्यातून ताणमुक्ती. मार्गदर्शक’ आणि पुढे माझं नाव. ‘उपस्थिती अनिवार्य. मटार आपापले आणावेत. खुर्च्या मर्यादित आहेत.’